पुठ्ठ्याचा कीबोर्ड

"हात दाखव."

सर असं म्हणाले तेव्हा मला वाटलं नखं बघायची असतील. शाळेत बघायचे तशी. मी दोन्ही हात पालथे पुढे केले.

"तसे नाही. तळवे."

मी तळवे वर केले. सरांनी हाताला हात लावला नाही. खिशातलं बॉलपेन काढलं आणि त्याच्या टोकाने माझ्या तळव्यावरची एकेक भेग दाखवत गेले. फळ्यावर नकाशा दाखवतात तसे. मागे आठ मुलं-मुली अनवाणी उभी. सगळ्यांच्या माना पुढे.

"हे काय?"

"भेगा आहेत सर. मिठाच्या."

"मिठागरातली तू?"

"हो सर."

"तरीच. पाय बघूनच मला शंका आली होती."

वसई स्टेशनजवळच्या नव्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर हा कॉम्प्युटर क्लास होता. दारात चपला काढायच्या, असा नियम. आत गालिचा, जाड पडदे, थंड हवेचं मशीन. धूळ चालत नाही, घाम चालत नाही, मोठ्याने बोललेलं चालत नाही. देवळाच्या गाभाऱ्यासारखं सगळं. चपला सगळ्यांनीच काढल्या होत्या. पण बाकीच्यांच्या पायांवर काही लिहिलेलं नव्हतं. माझ्या पायांवर लिहिलेलं होतं.

सर ओरडले नाहीत. हे आधीच सांगते, कारण नंतर मी ज्यांना ज्यांना हे सांगितलं त्यांनी विचारलं, "ओरडले का गं तुझ्यावर?" नाही. आवाज अगदी मऊ. "राग मानू नकोस हं. तुझ्याबद्दल काही नाही. मीठ म्हणजे मशीनचा शत्रू. एक बटण गंजलं की पार्ट परदेशातून मागवावा लागतो. हात बरे होईपर्यंत तू यावर बस."

यावर म्हणजे एका पुठ्ठ्यावर. बुटाच्या खोक्याचं झाकण असावं. त्यावर कीबोर्डची झेरॉक्स डिंकाने चिकटवलेली.

"बोटं बसव. बोटं बसली की झालं. मशीन काय, नंतर पाच मिनिटांचं काम."

आणि मी काय म्हटलं?

मी म्हटलं, "हो सर."

मी कोण ते सांगते, म्हणजे हे दोन शब्द मला आजही का टोचतात ते कळेल. आमचा पाडा खाडीकाठी. आई-बाप मिठागरावर. दिवाळी झाली की खाडीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हात आटवायचं, आणि लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ ओढायचं. पाऊस पडेपर्यंत हेच. मीही सकाळी चार तास ओढायची. मग अंघोळ करून टायपिंगला. पाड्यातल्या पोरांची एक संघटना होती, अजून आहे. तिची पत्रकं मी टाइप करायची. स्टेन्सिल कापायची, सायक्लोस्टाइलचं हँडल फिरवायची, वसईच्या बाजारात उभी राहून वाटायची. गोड्या पाण्याच्या नळासाठी, रस्त्यासाठी, मजुरीसाठी. प्रत्येक पत्रकाच्या शेवटी एक ओळ असायचीच. "बंधू-भगिनींनो, जाब विचारा!" ती ओळ माझी. उद्गारचिन्हसुद्धा माझं.

आणि बॉलपेनचं टोक तळव्यावरून फिरत होतं तेव्हा माझ्या तोंडातून निघालं, हो सर.

कॉम्प्युटरकडे मला टायपिंगच्या टीचरने पाठवलं. टीचर जवळच्या गास गावच्या. ख्रिश्चन, साठीच्या, अंगात लांब बाह्यांचा झगा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांच्या क्लासात टाइपरायटरांची सहा लोखंडी धूडं. तिथे माझे हात कोणी बघितले नाहीत. टीचर फक्त कानांनी शिकवायच्या. डोळे मिटून बसायच्या आणि "ए बाय, तुझी करंगळी आळशी झालीय," म्हणायच्या. मी परीक्षा पास झाले तेव्हा त्याच म्हणाल्या, "आता हे पुरणार नाय गं बाय. सातिवलीला कंपन्या आल्यात, त्यांना ते पडद्यावर टाइप करनाऱ्या मुली पाहिजेत. वर्ड प्रोसेसर म्हनतात. ते शिक. रंगाचे डबे करनाऱ्या एका कंपनीत माझ्या ओळखीचा मॅनेजर आहे. हंगाम संपेपर्यंत जागा ठेवतो म्हनालाय."

हंगाम संपेपर्यंत. म्हणजे तीन-साडेतीन महिने. ती नोकरी मिळाली तर पुढच्या दिवाळीनंतर मी मिठागरात उतरणार नव्हते. एवढंच पाहिजे होतं मला. फी सगळ्यांनी भरली तेवढीच मीही भरली. पुठ्ठ्याची फी कमी नव्हती.

क्लासात तीन मशीन होती. आळीपाळीने बसायचं. माझी पाळी यायची तेव्हा मी मागच्या बाकावर पुठ्ठा मांडीवर घेऊन बसायची. समोर सरांचा पुतण्या. कॉलेजात होता, केस मागे वळवलेले, क्लास घरचाच म्हणून पाळी-बिळी काही नाही, हवं तेव्हा बसायचा. त्याच्या पाठीमुळे मला पडद्याचा एकच कोपरा दिसायचा. काळ्या काचेवर हिरवी अक्षरं. टाइपरायटरवर अक्षर कागदात घुसतं, मागच्या बाजूला हात फिरवला तर बोटाला लागतं. हे तसं नव्हतं. हे उजेडाचं अक्षर. आलं आणि गेलं. ते मला एकदाच, एक मिनिट स्वतःच्या बोटाने आणून बघायचं होतं.

सर सांगायचे, मी वहीत उतरवायची. ही दोन बटणं एकत्र दाबली की मजकूर साठतो. ही दाबली की ओळ पुसते. ही दाबली की परिच्छेद पुन्हा नीट बसतो. सगळं पाठ केलं. कविता पाठ करतात तसं. घरी चुलीपाशी बसून पुठ्ठ्यावर बोटं आपटायची. टाइपरायटरला ओळ संपत आली की घंटी वाजते. पुठ्ठ्याला घंटी नाही, म्हणून मी मनातल्या मनात वाजवायची आणि रिटर्नच्या चौकटीवर बोट ठेवून खालच्या ओळीत उतरायची. टप टप टप, टिंग, रिटर्न. टप टप टप, टिंग, रिटर्न. ठरलेल्या वेगाने. एक चूक नाही. पुठ्ठ्यावर कोणाची चूक होते?

आई बघत बसायची. एकदा म्हणाली, "वाजत नाय, उठत नाय, काय शिकतेस गो यावर?"

"हात बरे झाले की मशीन देनार हायेत."

"कवा होतील बरे? मीठ ओढतेस रोज."

"सर म्हनतात मिठानं मशीन गंजतं."

आई स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आमी नाय गंजलो ते."

हात बरे करायचा मी सगळा प्रयत्न केला. लाज वाटते सांगायला, पण केला. आईने जुन्या छत्रीच्या कापडाच्या दोन पिशव्या शिवल्या, त्या हातांत घालून मी मीठ ओढायची. बाया हसायच्या. "राणीसाहेब आल्या!" पिशव्यांत पाणी शिरायचं आणि भेगा अजून सडायच्या. मग रोज संध्याकाळी खोबरेल चोळायला लागले. दोन आठवड्यांत कातडी जरा मऊ झाली. मी क्लासात गेले, कोणी न सांगता हात पुढे केले. स्वतःहून. तळवे वर.

सरांनी बॉलपेन काढलं.

"तेल लावलंस?"

"हो सर. भेगा कमी झाल्यात."

"तेल तर मिठापेक्षा वाईट. धूळ धरते."

पुतण्या मागे न वळता हसला. मी पुठ्ठा घेतला आणि बसले. त्या दिवशी मला कळायला हवं होतं. हात बरे झाले असते तर सरांनी कोपर बघितलं असतं. पण नाही कळलं. माणसाला एकदा "थोडे दिवस थांब" असं सांगितलं की तो दिवस मोजतो, सांगणाऱ्याकडे बघत नाही. मी तर पत्रकं लिहिणारी. दुसऱ्यांवरचा अन्याय मला पाव मैलावरून दिसायचा.

तीन महिने संपले. सरांनी सगळ्यांना सर्टिफिकेट दिलं. मलाही दिलं. "वर्ड प्रोसेसिंगचा अभ्यासक्रम समाधानकारकरीत्या पूर्ण केला." खाली सही, शिक्का. तीन महिन्यांत मी एका मशीनला एकदाही बोट लावलं नव्हतं. मी म्हटलं, "सर, एकदा तरी..." सर म्हणाले, "अगं, सगळं येतंय की तुला. बोटं बसलीत."

आणि मी विश्वास ठेवला. खरं लिहायचं तर खरं लिहावं. मला तो कागद आवडला. मी तो आईला दाखवला.

सातिवलीला गेले तेव्हा हात धुऊन, केस तेल न लावता बांधून गेले. मॅनेजर बरा माणूस होता. खुर्ची दिली, पाणी दिलं, हात बघितले नाहीत. शेजारी एक बाई दुसऱ्या मशीनवर काम करत होत्या. मॅनेजरने हाताने लिहिलेलं एक इंग्रजी पत्र दिलं. "हे टाइप करा. नंतर मी थोडा बदल सांगेन."

मी बोटं ठेवली. खरी बटणं. दबणारी. अक्षर आलं. हिरवं. मला वाटलं रडू येईल, पण रडायला वेळ नव्हता. मी सुटले. मनात घंटी वाजत होती, टिंग, रिटर्न, टिंग, रिटर्न. पान भरलं. शेजारच्या बाई काम थांबवून बघायला लागल्या. एक चूक नाही. मॅनेजर म्हणाला, "वा! हात चांगला आहे."

हात चांगला आहे. हे शब्द मी ऐकले. देवाशप्पथ ऐकले.

"आता पहिल्या ओळीत हे चार शब्द घाला आणि परिच्छेद नीट बसवा."

मी घातले. परिच्छेद बसवायची बटणं पाठच होती. दाबली.

पत्र फुटलं. एक ओळ भरलेली, खालच्या ओळीत दोनच शब्द लोंबकळतायत. मी पुढच्या ओळीवर गेले, पुन्हा दाबलं. तेही तसंच. जितकं नीट करायला जावं तितकं विस्कटत चाललं. भिंत ढासळावी तसं ते पान माझ्या डोळ्यांदेखत दातेरी होत गेलं. मला काही कळेना. वहीत असं काही नव्हतं. पाठ केलेलं सगळं बरोबर होतं.

मॅनेजर वाकून बघायला लागला. "तुम्ही प्रत्येक ओळीला रिटर्न मारलाय?"

"हो सर."

"का?"

मी रिटर्नवरचं बोट उचललं.

"अहो, ओळ संपली की शब्द आपोआप खाली उतरतो. रिटर्न फक्त परिच्छेद संपल्यावर. हा टाइपरायटर नाही."

शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, कोणाला लागावं म्हणून नाही, सहज म्हणाल्या, "हे पहिल्या दिवशी पाच मिनिटांत कळतं."

पाच मिनिटं. तेवढी पाच मिनिटं मला तीन महिन्यांत मिळाली नव्हती. सरांनी हे सांगितलंच नव्हतं, कारण सांगायची गरजच नसते. जो मशीनवर बसतो त्याला पहिल्याच ओळीला दिसतं. पुठ्ठ्यावर शब्द उतरत नाही. पुठ्ठ्यावर काहीच होत नाही.

मॅनेजरने सर्टिफिकेट पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. "खरं सांगा. याआधी मशीनवर कधी बसला होतात?"

काय सांगायचं? पुठ्ठ्याचं सांगायचं? मग विचारणार, का? मग हात दाखवायचे? मी मान खाली घातली. खोटारडी ठरले. मॅनेजरने कागद घडी करून परत दिला. "शिकून या," म्हणाला. वाईट वाटून म्हणाला. पण जागा काही शिकून येईपर्यंत थांबणार नव्हती.

सातिवलीहून मी चालत निघाले. उन्हात, थेट क्लासात. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. फक्त पाच मिनिटं मागायची होती. भीकच ती. खरं सांगते, मी भांडायला गेले नव्हते, मागायला गेले होते.

चपला दारात काढल्या. आत सर चहा पीत होते. मशीनवर पुतण्या. शेजारी वर्तमानपत्राच्या पुडीत खारे दाणे. दोन दाणे तोंडात टाकायचा, बोटं चाटायचा, बटण दाबायचा. कीबोर्डवर बटणांच्या फटीत पांढरी पूड पडली होती. बारीक. चकचकीत.

मीठ मी कुठेही ओळखते. जन्मल्यापासून बघतेय.

"सर," मी म्हटलं, "त्याच्या हाताला मीठ आहे."

पुतण्याने बोटं बघितली. हसला. "खारे दाणे आहेत गं. हवेत?"

सर म्हणाले, "तो घरचा मुलगा आहे."

"मशीनला कळतं का सर, घरचं मीठ कुठलं नि मिठागरातलं कुठलं?"

"आवाज खाली. इथे क्लास चालतो."

"माझे हात तीन महिने बघितलेत. एकदा त्याचे बघा. बॉलपेन काढा."

सरांनी कप बशीत ठेवला. "हे बघ, तू आता भावनेच्या भरात आहेस."

मी पुतण्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. तो का उठला मला माहीत नाही. घाबरला असेल, नाहीतर गंमत वाटली असेल. तो उठला. मी बसले. फुंकर मारून त्याचं मीठ उडवलं आणि टाइप करायला लागले. मशीनला मराठी येत नव्हतं, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी. माझे हात, माझे हात, हे माझे हात आहेत, एवढंच पुन्हा पुन्हा. ओळ संपत आली. मनात घंटी वाजली. मी करंगळी आवरली. रिटर्न मारला नाही.

आणि शब्द खाली उतरला. आपला आपण. अर्धा टाइप झालेला शब्द अख्खा उचलला गेला आणि खालच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसला. कोणाला न विचारता.

एवढंच होतं ते. एवढंसंच. याच्यासाठी माझी नोकरी गेली.

फट् आवाज झाला. पडदा काळा पडला, मधोमध एक हिरवा ठिपका राहिला, तोही गेला. सर भिंतीपाशी उभे होते. हात मेन स्विचवर.

"सेव्ह केलं नव्हतंस," ते म्हणाले. त्याच मऊ आवाजात. "पहिला धडा."

पुतण्या हसला. मी बसून राहिले. काळ्या काचेत मला माझा चेहरा दिसत होता. एक बटण दाबलं की माणसाचं लिहिलेलं जातं, आणि ते बटण भिंतीवर असतं, त्यांच्या हाताच्या उंचीवर. काय करू शकत होते मी? मारू? रडू? पोलिसात जाऊ आणि सांगू काय, यांनी वीज बंद केली म्हणून?

मी पर्समधून सर्टिफिकेट काढलं आणि चहाच्या कपाशेजारी ठेवलं.

"हे पुठ्ठ्याचं आहे. तुमच्याकडेच ठेवा."

सर्टिफिकेट घेताना परत केलेला माझा पुठ्ठा मागच्या बाकावर पडला होता. तो उचलला. सर म्हणाले, "तो क्लासचा आहे." तीन महिन्यांत पहिल्यांदा मी म्हटलं, "नाही सर."

त्याच आठवड्यात पत्रक काढलं. स्टेन्सिल कापायला टीचरकडे गेले. त्यांनी माझा मसुदा वाचला. चेहरा पडला. त्यांच्या क्लासातल्या मुली पुढे त्याच सरांकडे जायच्या. "बाय, मला यात घालू नको," म्हणाल्या. मग डोक्यावर ओढणी घेतली. "मी चर्चला, मिस्साला चाललेय. तासभर लागेल. किल्ल्या इथे विसरून चाललेय." किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवून त्या गेल्या. मी तासाभरात स्टेन्सिल कापली.

पत्रक क्लासच्या जिन्याखाली उभी राहून वाटलं. त्यात सरांचं नाव नव्हतं. काय झालं तेवढं होतं. फार मोठा उठाव झाला असं वाटत असेल तर सांगते, काही झालं नाही. आठांपैकी तिघांनी घेतलं, दोघांनी खिशात घातलं, एका मुलीने वाचलं आणि म्हणाली, "खरंय गं, पण माझी परीक्षा आहे." कोणी क्लास सोडला नाही. दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली, "प्रवेशाचा हक्क राखून ठेवला आहे." सातिवलीची जागा भरली. कोणी भरली मी विचारलं नाही. संघटनेतल्या पोरांनाही वाटलं मी घरचं भांडण पत्रकात आणलं. "नळाचं काय झालं ते लिही," म्हणाले. नळाचंही लिहिलं. नळही आला नाही.

आता पुन्हा दिवाळी झाली. मी पुन्हा फळी धरली. हात पुन्हा फुटले. खोबरेल लावत नाही. पिशव्या चुलीत घातल्या.

एक गोष्ट तेवढी बदलली. त्या पत्रकात शेवटी मी "जाब विचारा" लिहिलं नव्हतं. लिहायला हात धजेना. स्वतः वेळेवर विचारल्याशिवाय ती ओळ पुन्हा लिहायची नाही, असं ठरवलंय.

विरारला मनवेलपाड्यात एका चाळीत नवा कॉम्प्युटर क्लास निघालाय. दोन मशीन आहेत म्हणतात. तिथले सर कसे आहेत मला माहीत नाही. बरे असतील, नसतील. सोमवारी मी जाणार आहे. मिठागरावरून थेट. हात धुऊन, पण झाकून नाही. पुठ्ठा बरोबर नेणार आहे.

कोणी हात दाखव म्हटलं तर मी हात दाखवणार नाही. पुठ्ठा त्याच्यासमोर ठेवीन आणि म्हणेन, यावर एक शब्द उमटवून दाखवा. उमटला तर मी मागच्या बाकावर बसते.

नाही उमटला तर मशीनवर मी बसणार. आणि या वेळी आधी मेन स्विच कुठे आहे ते बघून बसणार.